पाळी जाताना : नैसर्गिक उपायांची पारख

भारतीय स्त्रीची पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी थांबते. युरोप-अमेरिकेत हे वय 51 च्या आसपास आहे. सलग 12 महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते, पण खरी धामधूम त्याआधीच्या काही वर्षांत असते. पाळी कधी महिन्यात दोनदा येते, कधी तीन-तीन महिने येत नाही. स्वयंपाक करताना, बसमध्ये, बैठकीत अचानक अंगातून गरम वाफा निघतात आणि दरदरून घाम फुटतो. रात्री दोन-तीन वाजता जाग येते ती पुन्हा डोळा लागतच नाही. चिडचिड होते, सांधे धरतात, नावे आठवत नाहीत, लघवीच्या जागी कोरड पडून आग होते. नेमक्या याच वयात मुलांची बारावी, सासू-सासऱ्यांची दुखणी आणि नोकरीतली वाढलेली जबाबदारी अंगावर असते. एवढे सारे एकीकडे आणि 'वयाचं आहे, जाईल आपोआप' एवढेच सांत्वन दुसरीकडे, असा बहुतेक घरांतला व्यवहार आहे.

आपण होऊन उपाय शोधणारीपुढे सल्ल्यांचा ढीग पडतो. शतावरी कल्प घ्या, सोयाबीन खा, जवसाची चटणी रोज जेवणात ठेवा, प्राणायाम करा, ॲक्युपंक्चर करून पाहा. हार्मोनच्या गोळ्या मात्र नकोत, त्यांनी कॅन्सर होतो, अशी पुरवणी हमखास जोडलेली असते. या सल्ल्यांपैकी कशाला आधार आहे? 'नैसर्गिक उपाय चांगले' किंवा 'नैसर्गिक उपाय फोल' असा एकच निकाल देता येत नाही. रजोनिवृत्तीत अनेक तक्रारी एकत्र येतात आणि प्रत्येकीचे कारण वेगळे असते. म्हणून हा आढावा तक्रारीनुसार घेतला आहे. तसा घेतला की चित्र पुष्कळ स्पष्ट होते.

हार्मोनची भीती आली कुठून?

1966 साली अमेरिकेत रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांचे 'फेमिनिन फॉरएव्हर' हे पुस्तक गाजले. रजोनिवृत्ती हा एका संप्रेरकाच्या कमतरतेचा आजार आहे आणि इस्ट्रोजेन घेऊन स्त्री कायम तरुण राहू शकते, असा त्याचा सूर होता. पुढची काही दशके लाखो स्त्रियांनी ही औषधे घेतली. मग जुलै 2002 मध्ये 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकी अभ्यासातला, 16,608 स्त्रियांचा समावेश असलेला एक भाग मुदतीआधी थांबवण्यात आला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत दर वर्षी 10,000 मागे स्तनाच्या कर्करोगाचे 8 रुग्ण जास्त आढळले होते. रक्ताच्या गुठळ्या आणि पक्षाघातही वाढले होते. जगभर मथळे झाले आणि स्त्रियांनी गोळ्या सोडल्या.

मथळ्यांत एक गोष्ट आली नाही. त्या अभ्यासातल्या स्त्रियांचे सरासरी वय 63 होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षे झाली होती. पुढच्या विश्लेषणांतून उलगडले, की वयाच्या साठीआधी किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, त्रास होत असलेल्या निरोगी स्त्रीने हे उपचार घेतले तर साधारणपणे फायदा धोक्यापेक्षा अधिक असतो. पण तोवर भीती पक्की बसली होती आणि 'नैसर्गिक' गोळ्या-चूर्णांच्या बाजाराने मोकळी जागा भरून काढली होती.

मुळात नैसर्गिक आणि कृत्रिम यांच्यातली रेघही लोक समजतात तितकी सरळ नाही. जुनी प्रसिद्ध इस्ट्रोजेनची गोळी गाभण घोडींच्या लघवीपासून बनते. आज त्वचेवर लावायच्या जेलमधले इस्ट्राडायोल कारखान्यात तयार होते, पण त्याचा कच्चा माल सोयाबीन किंवा रताळ्यासारख्या कंदांतून येतो आणि ते स्त्रीच्या शरीरातल्या इस्ट्राडायोलशी तंतोतंत जुळते. उलट 'वाइल्ड याम' नावाने विकल्या जाणाऱ्या मलमातल्या कंदार्काचे शरीरात संप्रेरक होऊच शकत नाही, कारण ते रूपांतर फक्त प्रयोगशाळेत घडते. तेव्हा औषध कशापासून बनले यावरून ते सुरक्षित की घातक हे ठरत नाही.

गरम वाफा : सर्वाधिक दावे, सर्वांत कमी पुरावा

मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र असते. इस्ट्रोजेन कमी झाले की तिथल्या काही चेतापेशी अतिसंवेदनशील होतात. तापमानातला एरवी जाणवलाही नसता असा किंचित फरक मग 'अंग तापले' म्हणून नोंदला जातो, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घाम सुटतो. अमेरिकेत 1996 पासून चाललेल्या 'स्वान' या दीर्घ अभ्यासात हा त्रास एकूण साधारण 7.4 वर्षे टिकतो असे दिसले. 'सहा महिने काढ, जाईल' हा सल्ला किती अपुरा आहे ते यावरून कळावे.

या तक्रारीवरचे उपाय तपासताना एक आकडा विसरता येत नाही. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2004 च्या आढाव्यानुसार, हार्मोनच्या चाचण्यांत नुसती साखरेची गोळी घेतलेल्या स्त्रियांच्या वाफाही सरासरी 58 टक्क्यांच्या आसपास कमी झाल्या होत्या. त्रास कळसाला पोचला असताना आपण उपाय शोधतो, नंतर तो आपोआप थोडा उतरतो. शिवाय कोणीतरी आपल्याकडे लक्ष देते आहे या भावनेचाही परिणाम होतो. त्यामुळे 'मला गुण आला' हा अनुभव खरा असला तरी श्रेय त्या चूर्णाचेच, असे सिद्ध होत नाही. शेजारी खोट्या औषधाचा गट ठेवूनच ते कळते.

या कसोटीवर सोयाबीन काठावर पास होते. त्यातली आयसोफ्लेवोन्स इस्ट्रोजेनसारखी, पण फार सौम्यपणे वागतात. 2016 मध्ये 'जामा' या नियतकालिकात 62 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. अशा वनस्पतिजन्य द्रव्यांनी दिवसाकाठच्या वाफा साधारण एकाने कमी होतात, रात्रीच्या घामावर मात्र खास परिणाम होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. आतड्यातले ठरावीक जिवाणू आयसोफ्लेवोनपासून इक्वॉल नावाचे अधिक प्रभावी द्रव्य बनवतात. जपानमध्ये निम्म्याहून थोड्या अधिक लोकांत ते बनते, पाश्चात्त्य देशांत फार तर तिसऱ्या हिश्श्यात. म्हणून एकीला सोया मानवते आणि दुसरीला त्याचा काहीच उपयोग होत नाही. 2021 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात कमी तेलाचा पूर्ण शाकाहार आणि रोज अर्धा कप शिजवलेले सोयाबीन यांनी मध्यम ते तीव्र वाफा 84 टक्क्यांनी घटल्या. आकडा मोठा आहे, पण प्रयोगातल्या स्त्रियांची संख्या चाळीसहूनही कमी होती आणि त्यांना खोट्या आहाराचा पर्याय देणे शक्य नव्हते.

महाराष्ट्रात या गोष्टीला खास अर्थ आहे. लातूरचा बाजार सोयाबीनच्या भावासाठी देशभर ओळखला जातो, मराठवाडा-विदर्भात लाखो हेक्टरवर हे पीक उभे असते, पण त्यातले बहुतेक तेलगिरणीत जाते आणि पेंड जनावरांच्या, कोंबड्यांच्या खाद्यात जाते. तेलात आयसोफ्लेवोन उतरत नाहीत. ते हवे असतील तर दाणाच खायला हवा, भिजवून नीट शिजवलेला किंवा पिठात दळलेला. वाफांवर गुण आला नाही तरी उत्तम प्रथिने मिळतात, एवढे कारण पुरेसे आहे. थायरॉइडची गोळी चालू असेल तर सोयाबीन आणि गोळी यांत काही तासांचे अंतर ठेवावे, कारण सोया गोळीचे शोषण अडवते.

जवसाचे तसे झाले नाही. अमेरिकेत 2012 मध्ये 188 स्त्रियांवर झालेल्या चाचणीत जवसाची वडी आणि बिनजवसाची वडी यांनी सारखाच फरक पडला. जवसाची चटणी हृदयासाठी आणि पोट साफ राहण्यासाठी खुशाल खावी, वाफांसाठी तिच्यावर भिस्त ठेवू नये. पाश्चात्त्य देशांत खपणाऱ्या ब्लॅक कोहोश या मुळीवरच्या 16 चाचण्या तपासून कॉक्रेनने 2012 मध्ये पुरावा अपुरा ठरवला. तिने यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. ऑस्ट्रेलियात 327 स्त्रियांवर झालेल्या 2016 च्या अभ्यासात खऱ्या आणि लटक्या ॲक्युपंक्चरमध्ये फरक आढळला नाही.

मग हाती उरते काय? उत्तर अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीने 2023 मध्ये हार्मोनविरहित उपायांचा सविस्तर आढावा घेतला. औषधे बाजूला ठेवली तर वाफांसाठी तिने शिफारस केलेले उपाय मोजकेच आहेत: विचार-वर्तन उपचार, वैद्यकीय संमोहन आणि वजन जास्त असल्यास ते कमी करणे. लंडनमध्ये मायरा हंटर यांच्या गटाने 2012 मध्ये दाखवले, की विचार-वर्तन उपचारांची चार सत्रे, किंवा त्याच पद्धतीची स्वतः वाचून करायची पुस्तिकासुद्धा, वाफांचा जाच लक्षणीय कमी करते. वाफा तितक्याच येतात, पण 'आता सगळे माझ्याकडे पाहतील, मला जमणारच नाही' ही घबराट ओसरते आणि त्याबरोबर त्रासही. 2013 च्या संमोहनाच्या चाचणीत, 12 आठवड्यांनंतर, वाफांची संख्या 74 टक्क्यांनी घटली होती. तुलनेच्या गटात ती 17 टक्क्यांनी घटली. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावीही असे उपचार देणारे प्रशिक्षित लोक विरळ आहेत. सर्वांत आधार असलेला नैसर्गिक उपाय सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत कमी आधार असलेली चूर्णे प्रत्येक दुकानात, ही विसंगती सार्वजनिक आरोग्याच्या धोरणाने मिटवायला हवी.

झोप आणि मन : योगाची खरी जागा

योगाने वाफा कमी होतात का, यावर पुरावा दोन बाजूंना झुकतो. 2008 मध्ये बंगळुरूच्या स्वामी विवेकानंद योग अनुसंधान संस्थानाच्या अभ्यासात 120 स्त्रियांपैकी निम्म्यांनी आठ आठवडे आसने, प्राणायाम आणि ध्यान केले, उरलेल्यांनी साधा व्यायाम. योग गटाला वाफा, घाम, झोप आणि ताण या सर्वांत अधिक फायदा झाला. पण 2014 मध्ये अमेरिकेतल्या 355 स्त्रियांच्या मोठ्या चाचणीत योगाने वाफांवर फरक पडला नाही. निद्रानाश मात्र तिथेही कमी झाला.

दोन्ही निकाल झोपेपाशी एकत्र येतात आणि व्यवहारात तेच मोलाचे आहे. या वयातली चिडचिड, विसराळूपणा, अंगदुखी यांतले पुष्कळसे रात्रीच्या तुटक झोपेतून येते. योग, संध्याकाळचे चालणे, दुपारनंतर चहा-कॉफी टाळणे, झोपण्या-उठण्याच्या ठरलेल्या वेळा, सुती कपडे आणि हवेशीर खोली, या सगळ्याचा भर तिथे द्यावा. निद्रानाशासाठीच्या विचार-वर्तन उपचारांना भक्कम आधार आहे. आणि उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कशातच रस वाटेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर तो रजोनिवृत्तीचा स्वभाव समजून सोडू नये. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत.

हाडे : इथे निसर्ग खरोखर हाताशी आहे

पाळी जाण्याच्या आगेमागे काही वर्षे मणक्याची हाडे दर वर्षी साधारण 2 टक्क्यांनी विरळ होतात. हे दुखत नाही म्हणून कळत नाही. कळते ते पासष्टीत न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडल्यावर. जीवनशैलीतल्या उपायांचे सर्वांत मोठे यश याच तक्रारीत आहे.

ऑस्ट्रेलियातल्या 'लिफ्टमोर' चाचणीत हाडे विरळ झालेल्या 101 स्त्रियांपैकी एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली जड वजने उचलली आणि उड्या मारल्या. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता 2.9 टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची 1.2 टक्क्यांनी घटली. नुसत्या चालण्याने हाडांना एवढे बळ येत नाही, त्यांना भार लागतो. 'या वयात वजन उचलू नकोस' हा प्रेमाने दिलेला सल्ला पुष्कळ बायकांची हाडे कमकुवत करतो. सुरुवात पाण्याच्या बाटल्यांनी, खुर्चीवरून हात न टेकता उठण्याने करावी आणि जाणत्या माणसाच्या नजरेखाली भार वाढवत न्यावा. पाठीचा मणका आधीच पिचला असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

आहारात महाराष्ट्राची पुंजी मोठी आहे. रजोनिवृत्तीनंतर रोज 1,200 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे असे राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. 100 ग्रॅम नाचणीत ते सुमारे 350 मिलिग्रॅम असते आणि तिळात तेवढ्याच वजनात 1,000 च्या वर. धान्यातले सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही. नाचणी भिजवून, मोड आणून केलेल्या सत्त्वात शोषणाचे अडथळे कमी होतात, हे आपल्या आज्यांची पद्धत सांगते आणि शास्त्रही. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, दही-ताक, काट्यासकट खाल्लेली छोटी मासळी, सोबत डाळ, उसळ किंवा अंडी, आणि ऊन. दिवसभर घरात किंवा कार्यालयात असणाऱ्या शहरी स्त्रीने ड जीवनसत्त्वाची तपासणी डॉक्टरांशी बोलून करून घ्यावी. मिश्री आणि तंबाखू सोडणे हाही उपायच आहे. धूम्रपानाने पाळी वर्ष-दोन वर्षे लवकर जाते हे पक्के ठाऊक आहे.

जिच्याबद्दल बोलले जात नाही ती तक्रार

वाफा कालांतराने थांबतात, योनीमार्गाची कोरड मात्र उपचारांशिवाय वाढत जाते. संबंध दुखतात, लघवीला जळजळ होते, मूत्रमार्गात वारंवार संसर्ग होतो. नवऱ्याला सांगता येत नाही, डॉक्टरांनाही सांगितले जात नाही. या तक्रारीवर साधे उपाय चांगले चालतात. 302 स्त्रियांच्या 2018 च्या अमेरिकी चाचणीत योनीमार्गात ठेवायची इस्ट्रोजेनची गोळी, ओलावा देणारे जेल आणि साधे जेल यांनी जवळजवळ सारखाच आराम दिला. म्हणून आधी औषधाच्या दुकानातले बिनवासाचे जेल वापरून पाहावे. खोबरेल तेलही अनेकींना चालते, मात्र निरोधसोबत नको, कारण तेलाने रबर विरते. सुगंधी साबण आणि आतून धुणे टाळावे. एवढ्याने भागले नाही तर जागेवर लावायचे अल्प मात्रेचे इस्ट्रोजेन डॉक्टर देतात. ते रक्तात फारच थोडे जाते.

आयुर्वेद आणि चूर्णांचा बाजार

सुश्रुतसंहितेत पाळीचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत सांगितला आहे. म्हणजे आपल्या वैद्यकाने हा टप्पा शरीराचा स्वाभाविक क्रम म्हणून फार पूर्वी नोंदला होता. त्या परंपरेतल्या शतावरीवर आधुनिक चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. अश्वगंधेवरच्या 2021 च्या एका भारतीय चाचणीत 100 स्त्रियांपैकी ती घेणाऱ्यांचा एकूण त्रास आठ आठवड्यांत कमी झाला. निकाल आशादायक आहे, पण एका छोट्या चाचणीवर वर्षानुवर्षे औषध घ्यावे इतका तो भक्कम नाही. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि ती थायरॉइडवरही परिणाम करते.

औषधी वनस्पती आणि बाजारातली बाटली यांतही अंतर आहे. 2008 मध्ये 'जामा'त आलेल्या अभ्यासात इंटरनेटवरून मागवलेल्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. म्हणून जे घ्यायचे ते नोंदणीकृत वैद्यांकडून, मात्रा आणि मुदत ठरवून घ्यावे, आणि चालू असलेली प्रत्येक गोळी त्यांना व डॉक्टरांना दोघांनाही सांगावी. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झालेल्या स्त्रीने संप्रेरकासारखे काम करणारी कोणतीही वनस्पती आपल्या मनाने घेऊ नये.

जिथे घरगुती उपाय पुरत नाहीत

2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या सुमारे 82,000 स्त्रियांपैकी 13,000 हून अधिक स्त्रियांची पिशवी काढलेली होती, आणि त्यांत चाळिशीच्या आतल्या अनेक जणी होत्या. खाडा पडला की मुकादमाचा दंड, फडावर संडास नाही, पाणी नाही, आणि पाळीच्या साध्या तक्रारीवर 'पिशवी काढून टाका' हा सल्ला.

पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते. अंडाशय ठेवले तरी ते लवकर थकण्याचा धोका वाढतो. पस्तिशीत इस्ट्रोजेन गेलेल्या स्त्रीच्या हाडांना आणि हृदयाला पुढची चाळीस वर्षे त्याची किंमत मोजावी लागते. अशा स्त्रीला, आणि चाळिशीआधी आपोआप पाळी गेलेल्या स्त्रीलाही, विशेष अडचण नसेल तर नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावेत असे जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तिला शतावरी आणि प्राणायाम एवढ्यावर पाठवणे हा तिच्यावर अन्याय आहे. तसेच, पाळी गेल्यावर वर्षाने पुन्हा अंगावरून लाल गेले तर एकही काढा न घेता तपासणीला जावे. ते गर्भाशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते आणि वेळेत कळले तर तो बहुधा बरा होतो.

घर, गाव, कामाची जागा

1975 मध्ये मार्शा फ्लिंट या मानवशास्त्रज्ञ स्त्रीने राजस्थान आणि हिमाचल प्रदेशातल्या 483 राजपूत स्त्रियांशी बोलून लिहिले, की पाळी गेल्याने त्यांचा पडदा सुटत होता, पुरुषांत बसून बोलण्याची मुभा मिळत होती आणि मासिक पाळीतील बदलांपलीकडे फार थोड्या जणी तक्रार करत होत्या. जपानमध्ये मार्गारेट लॉक यांनाही वाफांची तक्रार पाश्चात्त्यांपेक्षा बरीच कमी आढळली. 1993 च्या पुस्तकात त्यांनी आहार, शरीर आणि संस्कृती यांचा एकत्र विचार केला. यावरून त्रास काल्पनिक ठरत नाही. हायपोथॅलॅमस सगळ्यांचा सारखाच चालतो. पण त्या वयात समाज स्त्रीला काय देतो आणि काय काढून घेतो यावर त्या त्रासाचे ओझे ठरते, असे मला या अभ्यासांतून ठामपणे वाटते.

म्हणून आधाराची सुरुवात घरातूनच होते. रात्री झोप न झालेल्या बाईला सकाळी सहाचा डबा करावा लागू नये. नवऱ्याने तिच्यासोबत डॉक्टरांकडे बसून ऐकावे. मुलामुलींना शाळेत पाळी येण्याबद्दल शिकवतात, तिथेच पाळी जाण्याबद्दलही शिकवावे. कार्यालयात पंखा, पाणी, स्वच्छ संडास आणि थोडी लवचीक वेळ यांना फार पैसा लागत नाही. आशा सेविका गरोदर बाईच्या दारी जाते, पंचेचाळिशीच्या बाईच्या दारीही तिने जावे. त्यासाठी तिला प्रशिक्षण आणि त्या कामाचा मोबदला मिळावा.

नैसर्गिक उपायांनी हाडे सांभाळता येतात, झोप सुधारता येते, कोरड हाताळता येते आणि मन सावरता येते. तीव्र वाफा आणि अकाली रजोनिवृत्ती यांवर ते एकटे बहुधा अपुरे पडतात, आणि तिथे औषध मागणे हा कमकुवतपणा नाही. नाचणी, वजने, जेल, समुपदेशन आणि गरज पडल्यास हार्मोन, हे सगळे एकाच स्त्रीच्या आयुष्यात सुखाने नांदू शकते. पाळी गेल्यानंतर पंचवीस-तीस वर्षांचे जगणे पुढे असते. ते कसे जगायचे हे तिने पूर्ण माहिती हाती घेऊन ठरवावे, आणि ती माहिती तिच्यापर्यंत तिच्या भाषेत पोचवणे ही डॉक्टर, वैद्य, सरकार आणि घरचे या सर्वांची जबाबदारी आहे.